पुरावा म्हणून ठेवलेला क्लच

माझी मोटरसायकल अकरा महिने आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंद पडून होती, आणि मी ती मुद्दाम तशी ठेवली होती. क्लच गेला होता. मार्केटच्या मागच्या मिस्त्रीकडे ढकलत नेली असती तर अर्ध्या दिवसाचं काम. नवऱ्याने चारदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. पण दुरुस्त केली असती तर पुरावाच गेला असता. हा क्लच कोणी जाळला ते सगळ्यांना दिसत राहावं, आणि जिने जाळला तिला रोज सकाळी लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या दिसावं, म्हणून मी गाडीवर कव्हरसुद्धा घालत नव्हते.

ती म्हणजे आमच्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटमधली. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. मी तिला वहिनी म्हणायचे, ती मला अगं-तुगं करायची. त्या अकरा महिन्यांत मात्र मी मनात तिला नुसतं 'वरची' म्हणत होते. दोघींचे नवरे केंद्र सरकारच्या नोकरीत, मी स्वतःही एका मंत्रालयात फायली पुढे सरकवते. दिल्लीत आल्यावर पहिल्या दिवाळीला चकलीचा सोऱ्या मला तिनेच दिला होता. हे आठवलं की राग कमी होण्याऐवजी वाढायचा, कारण परक्याने कापलेलं नाक आणि घरच्याने कापलेलं नाक यांत फरक असतो.

मोटरसायकल तिला मीच शिकवली. माझी गाडी शंभर सीसीची, पुण्याहून रेल्वेने आणलेली, स्कूटरच्या जमान्यातही मी ती सोडली नाही. वरचीला बावन्नाव्या वर्षी हुक्की आली की आपणही शिकायचं. रविवारी सकाळी सहाला आम्ही रिकाम्या प्लॉटांच्या सेक्टरमध्ये जायचो. तिचा नवरा बाल्कनीतून म्हणायचा, "तुला मिक्सरचं झाकण नीट लावता येत नाही, क्लच काय सोडणार?" ती हसण्यावारी न्यायची. पण क्लच सोडताना तिचे ओठ हलत असत, हळू, हळू, हळू. दोन महिन्यांत ती शिकली. नवऱ्याला चालवून दाखवायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते ती पाडव्याला दाखवणार होती.

पाडव्याला आमच्या भागातली मराठी मंडळी रॅली काढतात. पुढे ढोल, मागे नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या बायका मोटरसायकलींवर. दिल्लीकर गाड्या थांबवून व्हिडिओ काढतात आणि शेजाऱ्याला विचारतात, ये बंगाली हैं क्या. चार वर्षं रॅलीत सर्वांत पुढे मी होते. गेल्या वर्षीही असणार होते. गाडी धुतली, पुसली, तेल बदललं, आणि दुसऱ्याच दिवशी बाथरूममध्ये घसरून डावं मनगट मुरगळून घेतलं. क्लच दाबता येईना. मग मी आपण होऊन, आनंदाने, माझी गाडी आणि माझी जागा वरचीला दिली. मी रॅलीच्या शेवटी रिक्षात पन्ह्याच्या कॅनशेजारी बसले.

नाल्यावरच्या पुलाचा जरासा चढ लागला आणि पुढे गाडी किंचाळायला लागली. इंजिन वाढतंय, चाक जागचं हलत नाही. ती आणखी रेस देते, आवाज आणखी वाढतो. ढोल थांबले. मागच्या वीस गाड्या थांबल्या. मी रिक्षातून उतरून धावत पुढे गेले. तोवर ती खाली उतरली होती, फेटा कानावर आलेला, चेहरा लाल. एक मुलगी मोबाइल रोखून विचारत होती, काय झालं काकू. वरचीने मला पाहिलं, आणि तरी बोलली. "काही नाही गं. गाडी मालकिणीवर गेलीय. नुसता आवाज, काम शून्य."

सगळे हसले. सगळे म्हणजे सगळे, माझा नवरासुद्धा. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर होता आणि आठवड्याने ते वाक्य लोकांच्या तोंडी बसलं होतं. भिशीत मी काही सुचवलं की कोणीतरी कोपऱ्यातून हळूच म्हणायचं, नुसता आवाज.

मी डूख धरला. माझ्या दिल्लीत वाढलेल्या मुलीला हा शब्द माहीत नव्हता. तिने अर्थ विचारला तेव्हा मी तिला खाली पार्किंगमध्ये नेऊन गाडी दाखवली.

उट्टं काढायला मी घाई केली नाही. आधी एकेकाला शांतपणे समजावलं की ढोलाच्या चालीने तासभर गाडी चालवायची तर क्लच कसा सांभाळावा लागतो, आणि अर्धा दाबून धरला तर आतल्या प्लेटा कशा जळतात. मी कुणाचं नाव घेत नव्हते. नाव ऐकणाराच घ्यायचा. मग मंडळाच्या बैठकीत ठराव आणला की रॅलीत पुढे फक्त अनुभवी चालक असावा, सुरक्षिततेच्या दृष्टीने. तो बिनविरोध पास झाला. संक्रांतीला सोसायटीतल्या सगळ्या मराठी घरांत तिळगूळ दिला आणि तिच्या मजल्यावर गेलेच नाही. पण सगळ्यांत गोड सूड मिळाला तो लिफ्टमध्ये. तिचा नवरा मला म्हणाला, "मी हिला आधीच म्हटलं होतं, हे तुझं काम नाही. तुमच्या गाडीचं मात्र नुकसान झालं." ती शेजारी भाजीची पिशवी धरून उभी होती. मी म्हटलं, "जाऊ द्या हो भाऊजी, सगळ्यांनाच जमत नाही." तिने मान खाली घातली ती दार उघडेपर्यंत वर केली नाही. ते दृश्य मला आठवडाभर पुरलं.

त्यानंतर तिने मोटरसायकलीला हात लावला नाही. मंडळात यायची, पण मागे बसायची. मला वाटलं, बरं झालं.

या वर्षी मात्र गाडी उघडावी लागणार होती. जूनमध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, आणि दिल्लीत पंधरा वर्षांच्या गाडीला रस्त्यावर थारा नाही. म्हणजे हा पाडवा तिचा शेवटचा. मी ठरवलं, क्लच स्वतःच्या हाताने बदलायचा, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोर. जळालेल्या प्लेटा वर्तमानपत्रावर मांडायच्या, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, आणि पाडव्याला पुढे जाऊन बसायचं. त्यानंतर नुसता आवाज कोणाचा ते लोकांनीच ठरवावं. शनिवारी ग्रुपवर लिहिलं, "उद्या सकाळी दहा वाजता क्लच उघडणार आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी खाली यावं."

सहा-सात जण आले, चहाचे कप घेऊन. वर बाल्कनीत कपडे वाळत घालायला वरची आली आणि मला पाहून आत गेली. मी उजव्या बाजूची किक काढली, तेल खाली तसराळ्यात सोडलं, झाकणाचे बोल्ट एकेक करून सैल केले आणि कुठला बोल्ट कुठला ते कळावं म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्यात टोचून ठेवले. झाकण अडून बसलं होतं, लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर सुटलं. आत क्लच, वाटीत वाटी बसावी तसा. चार स्प्रिंगा काढल्या आणि प्लेटा एकामागून एक बाहेर ओढल्या. एक घर्षणाची, एक लोखंडी, पुन्हा एक घर्षणाची. तेलाने काळ्याकुट्ट. बघणारे "अरे बापरे" म्हणाले. मला तर आनंदाने उकळ्या फुटत होत्या.

फडक्याने एक प्लेट पुसली. मग दुसरी. जळालेल्या वस्तूला करपट वास येतो, तो येत नव्हता. गाडीच्या पुस्तकात वाचलं होतं की जळालेल्या लोखंडी प्लेटा निळसर पडतात. या पांढऱ्या स्वच्छ होत्या, आरशासारख्या. मी लोकांना म्हटलं, नवीन प्लेटा जुळतात का ते बघून येते, आणि जुन्या पिशवीत घालून मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री हा साठीचा, मोजकं बोलणारा माणूस. मार्केटच्या कुंपणाला लागून त्याचं टपरीवजा दुकान. त्याने प्लेट नखाने खरवडली, दुसरी उजेडात धरली. "ये जली कहाँ है, मॅडम? माल तो पूरा पड़ा है. बस चिकनी हो गई है." मग बोटाला लागलेलं तेल अंगठ्यावर चोळून म्हणाला, "तेल कौन सा डाला था?"

मला आठवलं. नवऱ्याच्या कारचं तेल मागच्या वर्षी बदललं तेव्हा मोठ्या डब्यात लिटरभर उरलं होतं. महागाचं, परदेशी कंपनीचं. मोटरसायकलला लागतंही जवळपास तेवढंच. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची, उलट गाडीला आपण तूपच पाजतोय, असं म्हणत ते मी पाडव्याच्या आठवड्यात स्वतःच्या हाताने त्यात ओतलं होतं. शेवटचा थेंब पडावा म्हणून डबा पाच मिनिटं उलटा धरून उभी होते.

"कार का," मी म्हटलं.

त्याने प्लेट खाली ठेवली. "कार के तेल में फिसलन की दवा रहती है. कार के इंजन के लिए बढ़िया. पर बाइक का क्लच तो उसी तेल में डूबा रहता है. पकड़ेगा क्या?"

"और आधे क्लच पे घंटा भर चलाया हो तो?" मी विचारलं. मला अजून आशा होती.

"जुलूस में सब आधे पे ही चलाते हैं. क्लच बना ही इसलिए है. इस तेल पे आप चलातीं तो आप भी वहीं रुकतीं."

त्याच्याकडून नवीन प्लेटा, पॅकिंग आणि मोटरसायकलचं तेल घेऊन मी परत निघाले. वाटेत मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला, आणि तो तिचाच आला. वर्षभर जपलेली वस्तू कोणीतरी हातातून हिसकावून घ्यावी तसं वाटत होतं. चूक तिची नसेल, पण ते वाक्य तर तिचंच होतं. मी अकरा महिने गाडी मारून ठेवली, ती काय कारचं तेल माझ्याच अंगावर सांडायला? असा हिशेब मनात मांडत मी पार्किंगमध्ये आले तेव्हा लोक अजून उभे होते. मी प्लेटा वर्तमानपत्रावर मांडल्या, तेलकट बाजू वर ठेवून. फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "जुन्या क्लच प्लेटा." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बाकीचं लोकांनी लिहिलं. "पूर्ण खाक." "अनुभवी चालकच हवा." कोणीतरी वरचीच्या नवऱ्याला टॅग केलं आणि त्यानेही हसरा चेहरा टाकला.

लोक जेवायला गेले. मी तेल नितळून जाऊ दिलं, सगळं पुसून काढलं, नवीन प्लेटा नव्या तेलात भिजवून एकाआड एक बसवल्या. काम चांगलं होत होतं आणि मला त्यातून काही सुख मिळत नव्हतं. झाकण लावलं, तेल भरलं, क्लचची वायर जोडली. आता फक्त ॲडजस्टमेंट राहिली होती. हँडलवरच्या क्लचच्या दांडीला थोडी ढील हवी, नाण्याच्या जाडीएवढी. फार ठेवली तर गिअर खडखडतात, अजिबात नाही ठेवली तर नव्या प्लेटाही घसरतात.

चार वाजता वरची खाली आली. घरातल्या गाऊनवर ओढणी घेऊन. वर्तमानपत्रावरच्या प्लेटांसमोर ती उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"खरंच जळाल्यात का गं?" ती म्हणाली.

मी वायरचा नट फिरवत राहिले.

"मला वाटत होतं, मी बरोबर चालवत होते. तू शिकवलंस तशीच. त्या दिवशी तुला जे बोलले ना, ते फार वाईट बोलले. समोर हे उभे होते. मला काही सुचेना, तोंडाला येईल ते बोलून गेले." तिने ओढणीने नाक पुसलं. "पण क्लच माझ्या हातून जळला हे काही मला पटत नव्हतं. आज फोटो पाहिला आणि पटलं. म्हटलं सांगून यावं."

गाडी मधल्या स्टँडवर होती, मागचं चाक अधांतरी. मी इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला. म्हटलं, "वहिनी, जरा क्लच धरा, मला वायर बघायचीय." खरं तर धरायला कोणी नको होतं. ती उठली, दांडी दाबली आणि हळूहळू सोडायला लागली. तिचे ओठ हलत होते. मधेच चाकाने पकड घेतली आणि ते फिरायला लागलं. तिने पुन्हा दाबली, पुन्हा सोडली.

"हे बघ," ती म्हणाली, "आता कसं कळतंय कुठे पकडतो ते. त्या दिवशी असं कळतच नव्हतं. मी शोधत होते, शोधत होते, हाताला काही लागतच नव्हतं. मला वाटलं, आपण विसरलोच सगळं."

मी इंजिन बंद केलं आणि सांगून टाकलं. कारचं तेल, डबा, मिस्त्री काय म्हणाला ते. फोटो टाकला तेव्हा मला हे माहीत होतं, तेही. सांगताना मी तिच्याकडे बघू शकले नाही. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा जाऊ दे म्हणेल. तिने दांडीवरचा हात काढून घेतला.

"मी वर्षभर स्वप्नात तो चढ चढतेय," ती म्हणाली. "आणि तू खाली बसून मजा बघत होतीस."

"मी आत्ता ग्रुपवर लिहिते, वहिनी. सगळं लिहिते."

"ग्रुपवर कोण वाचतं? तू माझं नाव कुठे ग्रुपवर घालवलंस? घरोघरी जाऊन घालवलंस." ती लिफ्टकडे वळली. "पाडव्याच्या रॅलीचं बोलावणं करायचंय ना? कुंकवाची कोयरी घे. मी साडी नेसून येते."

आमच्या सोसायटीत मराठी घरं अकरा. त्यांतलं एक माझं. उरलेल्या दहा घरी आम्ही दोघी गेलो. ती निळ्या नारायणपेठीत, केसांत गजरा माळून. मी तेलाने माखलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये, कारण तिने मला कपडे बदलायला वेळ दिला नाही. बेल ती वाजवायची. दार उघडलं की कुंकू ती लावायची आणि मग बाजूला होऊन माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, पाडव्याला रॅली आहे, नक्की या. गेल्या वर्षी वहिनींच्या हातून क्लच जळला नव्हता, मी चुकीचं तेल घातलं होतं. पहिल्या दारात मी इथे थांबले.

"पुढचं," ती म्हणाली.

"आज फोटो टाकला तेव्हा मला हे माहीत होतं."

कुठे लोक हसले, एका घरी मला पाणी दिलं. भिशीतली एक जण म्हणाली, अगं एवढं काय, गाडीच तर होती. वरचीने तिलाही तितक्याच शांतपणे कुंकू लावलं. चौथ्या घरानंतर माझा आवाज बसला. तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर जाताना मी म्हटलं, वहिनी, आता पुरे. तिने लिफ्टचं बटण दाबलं. मला तिचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता, कारण तिच्या जागी मी असते तर मी दहावर थांबले नसते, पंजाब्यांची घरंही घेतली असती.

सगळ्यांत शेवटी तिने स्वतःच्या दाराची बेल वाजवली. तिच्या नवऱ्याने उघडलं, हातात रिमोट. आत मॅच चालू होती. त्याने बायकोची साडी पाहिली, माझे हात पाहिले.

मी सांगितलं. तेल माझं, चूक माझी, त्यांची नाही. माहीत असून फोटो टाकला.

"अच्छा," तो म्हणाला. "चला, मिटलं म्हणायचं. आत या ना, चहा घ्या." आणि तो मॅचकडे वळला.

वरची त्याच्या मागून आत गेली. तिने त्याच्या हातातून रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि त्याला सोफ्यावर बसायला सांगितलं. तो बसला. मी उंबऱ्यात उभी होते. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली, त्याच्या तोंडाकडे बघत.

"पुन्हा सांग," ती मला म्हणाली. "सावकाश. ह्यांना नीट ऐकू आलं नाही."

मी पुन्हा सांगितलं. सांगून झालं तेव्हा तो बंद टीव्हीकडे बघत होता.

"पुन्हा," ती म्हणाली.